वेग पाहायचा की विकेंद्रीकरण? बिटकॉइन, इथेरियम, सोलाना

उद्यमनगरकर
रविवारी मिसळ खाताना मित्राशी वाजलं. विषय क्रिप्टोचलनांचा. त्याचं म्हणणं, सोलानाच्या साखळीवर ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, अर्ध्या सेकंदाच्या आत पडतो. बिटकॉइनला दहा मिनिटं, सेकंदाला जेमतेम ७ व्यवहार. मग बिटकॉइन मोडीत काढा!

मला पटत नाही. वर्कशॉपातल्या जुन्या लॅपटॉपला १ टीबीची एसएसडी लावून मी बिटकॉइनचा नोड चालवतो, म्हणजे सगळ्या व्यवहारांची वही स्वतः ठेवून तपासणारं मशीन. २००९ पासूनची अख्खी वही उतरवून तपासायला पाच दिवस गेले, त्यात दोनदा लाइट गेली. पण आता व्यवहार खरा की खोटा, हे माझंच मशीन सांगतं, कुणा एकावर विसंबायला नको. विकेंद्रीकरण ते हेच. सोलानाच्या व्हॅलिडेटरला, म्हणजे व्यवहार तपासून ब्लॉक बनवणाऱ्या मशीनला, २५६ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम लागते. असलं मशीन कुणाच्या घरात असतंय?

रंकाळ्यावरचा
तो मित्र मीच. भावा, अख्ख्या कोल्हापुरात मला माहीत असलेला नोडवाला तू एकटा! २०२१ मध्ये इथेरियमवर सहा हजारांची टोकन बदलायला मी चार हजार गॅस, म्हणजे व्यवहाराची फी, भरला. ते विकेंद्रीकरण काय चाटायचंय?

उद्यमनगरकर
फी जास्त होती, कबूल. पण १४ सप्टेंबर २०२१ ला सोलाना सुमारे १७ तास बंद होतं. ६ फेब्रुवारी २०२४ ला परत जवळपास ५ तास. व्हॅलिडेटरनी आपसांत ठरवून पुन्हा चालू केलं. मार्केट यार्डात गुळाचा सौदा चाललाय आणि काटाच बंद पडला, तर अडत्या काय म्हणेल?

पंचगंगाकाठची
दोघंही अर्धंच सांगताय. बिटकॉइनचे नोड हजारो असतील, पण ब्लॉक बनवणारे मोठे मायनिंग पूल, म्हणजे मशिनांची ताकद एकत्र लावणारे गट, मोजकेच. नोड खोटा ब्लॉक नाकारतो, हे खरं. पण कुणाचा व्यवहार ब्लॉकात घ्यायचा, हे पूलच ठरवतो.

इथेरियमनं सप्टेंबर २०२२ मध्ये मायनिंग सोडून स्टेकिंग धरलं, म्हणजे मशिनांच्या ताकदीऐवजी नाणी तारण ठेवून ब्लॉक बनवायचे. एकट्यानं व्हॅलिडेटर व्हायचं तर ३२ इथर (इथेरियमची नाणी) हवेत, तेही आपल्यासारख्याला झेपणारं नाही. मार्च २०२४ च्या डेनकून अपग्रेडनंतर रोलअपवरची, म्हणजे व्यवहार बाहेर उरकून गठ्ठ्यानं इथेरियमवर नोंदवणाऱ्या जाळ्यांवरची, फी मात्र धडाधड उतरली. रंकाळेसाहेब, आज तुमचे चार हजार जाणार नाहीत. गोम एवढीच, की बहुतेक रोलअपचा सिक्वेन्सर, म्हणजे व्यवहारांचा क्रम लावणारं मशीन, एकाच कंपनीच्या हातात असतो. खाली ग्रामसभा, वर सरपंच एकटा.

रंकाळ्यावरचा
बघा! स्वस्त आणि जलद पाहिजे तर कुणावर तरी विसंबावंच लागतंय. मग सोलानालाच शिव्या का?

उद्यमनगरकर
शिव्या वेगाला नाहीत रे. वही तपासायची सोय सामान्य माणसाच्या हातून जाते, त्याला आहेत. बिटकॉइनवाले २०१७ मध्ये यावरूनच भांडले. ब्लॉक मोठा पाहिजे म्हणणारे ८ एमबीच्या ब्लॉकचं बिटकॉइन कॅश हे वेगळं नाणं घेऊन बाजूला झाले. ब्लॉक वाढला की वही फुगणार, माझा लॅपटॉप बाद.

पंचगंगाकाठची
लॅपटॉप बाद होईल, पण तेवढ्यानं साखळी खोटी ठरत नाही. रोजच्या शंभर-दोनशेच्या व्यवहाराला मी रोलअपच वापरते. आयुष्याची पुंजी तिथं ठेवणार नाही.

रंकाळ्यावरचा
बरं, ती एसएसडी केवढ्याला पडली? रविवारी बघायला येतो. मिसळ तुझ्याकडं.