फौज सोडून गेलेल्या 'डेझर्टर'ला मराठीत काय म्हणायचं? (पळपुटा / फितूर / फरारी / आणखी काही)

पाटीपेन्सिल
एका दिवाळी अंकासाठी बो बर्गडाल प्रकरणावरचा लेख मराठीत करतेय आणि पहिल्याच वाक्याला अडलेय. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: हा अमेरिकी सैनिक ३० जून २००९ ला अफगाणिस्तानच्या पक्तिका प्रांतातली आपली चौकी कुणालाही न सांगता सोडून गेला, तालिबानच्या हाती लागला आणि पाच वर्षांना महिना कमी इतका काळ तालिबानच्याच साथीदार हक्कानी गटाच्या कैदेत होता. ३१ मे २०१४ ला ग्वांटानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगातले पाच तालिबानी कतारला पाठवून ओबामांनी त्याला सोडवलं. दोन दिवस कौतुक झालं, मग 'डेझर्टरसाठी पाच जण सोडले?' म्हणून गदारोळ. गावात स्वागतसमारंभ ठरला होता, तोही रद्द झाला.

मी 'पळपुटा सैनिक' लिहिलं होतं. संपादकांनी खोडून 'फितूर जवान' केलं. बाबा म्हणतात, फितूर म्हणजे शत्रूला मिळालेला. हा तर शत्रूच्या पिंजऱ्यात होता. आता काय लिहू? दुसरी शंका: प्रिझनर स्वॉपला 'कैद्यांची अदलाबदल' बरं वाटतं का? मला देवळाबाहेरच्या चपला आठवतात.

सातारी_कंदी
आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत. चुलते मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले. त्यांच्या तोंडी एकच शब्द, भगोडा. पण तो लगेच लागत नाही बरं का. रजा संपून चार दिवस झाले तरी गडी आला नाही, तर तो नुसता 'ॲब्सेंट'. तीस दिवस उलटले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, त्यानंतर भगोडा. आजी मात्र 'पलटण सोडून आलेला' म्हणायची, आणि ते म्हणताना आवाज खाली यायचा.

शुद्धलेखनी
भगोडा हिंदी आहे. वाहिन्यांनी आधीच पुरेसा कचरा आणला आहे, त्यात आपण भर घालू नये. 'सेनात्यागी' असा स्वच्छ शब्द घडवता येतो.

चहाटळ
सेनात्यागी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आमदार येतो. 😀

सातारी_कंदी
शुद्धलेखनी, तीस-तीस वर्षं पलटणीत काढलेल्या मराठी माणसांच्या तोंडचा शब्द मराठी नाही, तर मग मराठी कुणाची? आणि 'पलटण' तरी कुठून आली?

काळाकोट
कायद्याच्या बाजूने थोडं. आपल्या १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये कलम ३८ डेझर्शनचं, ३९ विनारजा गैरहजेरीचं. फरक हेतूचा. परत यायचंच नाही किंवा जोखमीचं काम टाळायचं, या इराद्याने गेला तर डेझर्शन. अमेरिकेतही ढोबळमानाने तसंच. बर्गडालचं म्हणणं होतं की वरिष्ठांविरुद्ध गाऱ्हाणं सांगायला तो दुसऱ्या मोठ्या तळावर चालला होता. तपास करणाऱ्या जनरललाही तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही. 'पळपुटा' त्यामुळे बाद. त्यात भित्रेपणा आहे, आणि एकटा रात्री तालिबानच्या मुलखात चालत जाणारा माणूस काहीही असेल, भित्रा नसावा.

आणखी एक गोष्ट. अदलाबदल झाली तेव्हा त्याच्यावर आरोपपत्रच नव्हतं. ते मार्च २०१५ मध्ये आलं: डेझर्शन, आणि त्याहून जड कलम, शत्रूसमोर गैरवर्तन. २०१७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. कैद झाली नाही. सार्जंटचा प्रायव्हेट केला, दहा महिने दरमहा हजार डॉलर कापले आणि बेइज्जत करून फौजेतून काढलं. २०२३ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी तो निकालच रद्द केला. म्हणजे २०१४ बद्दल लिहिताना 'आरोप' नको, 'आळ' लिहा. मराठीत इतका नेमका शब्द असताना वापरत का नाही आपण?

पाटीपेन्सिल
आळ आवडला. पण आळ म्हटलं की खोटाच असणार, असं नाही का वाटत? पुढे त्याने कबुली दिली ना.

मोडीवाला
फितूरबद्दल. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ढिलेपणा, सुस्ती. फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत त्याची फंदफितुरी झाली, आणि हिंदीत डोक्यात 'फितूर' शिरतं ते वेगळंच. मूळ अर्थ धरला तर संपादक फार चुकले नाहीत!

काळाकोट
मूळ अर्थ धरून कोण वाचतं हो? कोर्टात रोज साक्षीदार फितूर होतात, ते काय सुस्त असतात?

गोधडी
नेताजी पालकर आधी आदिलशहाकडे, मग १६६६ मध्ये मोगलांकडे गेले. औरंगजेबाने धर्म बदलून त्यांना अफगाण मोहिमेवर धाडलं. १६७६ मध्ये परत आले, तर महाराजांनी घेतलं. त्यांना फितूर म्हणायचं धाडस आहे का कुणाचं? आपल्याकडे 'जाऊन मिळाले' म्हणतात. क्रियापद वापरा, नाम टाळा. 'चौकी सोडून गेलेला सैनिक', बस्स. आणि अमेरिकेच्या सैनिकाला 'जवान' म्हणू नका, कानाला कसंतरीच होतं.

शुद्धलेखनी
नेताजींची तुलना इथे अस्थानी आहे. निषेध.

पानसुपारी
कुणाच्या लक्षात आलं का, इंग्रजीत बायकोला सोडून जाणंही डेझर्शनच? पण तिथे मराठीने नाव सोडणाऱ्याला दिलंच नाही. जिला सोडलं ती 'परित्यक्ता', 'टाकलेली'. सोडून जाणारा नवरा बिननावाचा मोकळा. फौजेत मात्र बरोबर उलटं.

स्वॉपला माझं मत 'साटंलोटं'. आमच्या मावशीचं तसंच झालं होतं, यांची मुलगी त्यांना, त्यांची यांना. पुढे एका घरात भांडण झालं की दुसऱ्या घरातली सून माहेरी. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या ताब्यात, आणखी काय हवं?

चहाटळ
साट्यालोट्यात एकास एक असतं. इथे एकास पाच. इस्रायलने २०११ मध्ये हमासच्या कैदेतल्या गिलाद शालित या एका सैनिकासाठी १,०२७ कैदी सोडले. त्याला 'वरात' म्हणावं लागेल.

मोडीवाला
शिवाय साटंलोटं आता पेपरात मिलीभगत या अर्थीच येतं. ओबामांवर भलताच आळ यायचा.

सातारी_कंदी
मिलीभगत चालते, भगोडा चालत नाही. छान.

शुद्धलेखनी
'फरारी' सुचवतो. ('फरार' नव्हे. फरार म्हणजे पळणं. पळणारा तो फरारी.)

काळाकोट
'आरोपी फरार' हे पन्नास वर्षं छापून येतंय. आणि ते फारसीच ना? मग तुमची शुद्धी कुठे गेली?

गोधडी
फरारी पोलिसांपासून. मुलूख सोडला तर परागंदा. तेही फारसीच, मूळ अर्थ विखुरलेला.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. अंक काल छपाईला गेला. माझं 'चौकी सोडून गेलेला' लांब होतं म्हणून संपादकांनी मथळ्यात 'वादग्रस्त सैनिक' केलंय.

मोडीवाला
भगोड्यावरून एक विचारायचं राहिलं. भिंतीला पडतं ते भगदाड, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?