मधुमेह आणि वाढत्या वयातील विस्मरण

प्रश्न
माझ्या आईचे वय ७१ असून १८ वर्षांपासून तिला मधुमेह आहे. अलीकडे सकाळची गोळी घेतली की नाही, हे ती पुन्हा पुन्हा विचारते. गेल्या संकष्टीला उपवास असताना दुपारी तिला दरदरून घाम फुटला, बोलताना शब्द सुचेनासे झाले आणि साखरपाणी दिल्यावर थोड्या वेळाने ती सावरली. नातेवाईक म्हणतात, वयोमानानुसार असे होतेच. या विस्मरणाचा मधुमेहाशी संबंध असू शकेल का?

प्रतिसाद १
निश्चितच असू शकतो. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असले तरी तो सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो आणि त्यासाठी प्रामुख्याने रक्तातील ग्लुकोजवर अवलंबून असतो. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होतात, आणि रक्तदाबही जास्त असेल तर ही हानी अधिकच वाढते. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या दीर्घकालीन पाहणीत १९९९ साली मधुमेहींमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला होता. तरीही बहुसंख्य मधुमेहींना स्मृतिभ्रंश होत नाही, हेही आईंना आवर्जून सांगावे.

प्रतिसाद २
मला संकष्टीचा प्रसंग अधिक गंभीर वाटतो. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टळले, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. वृद्धांमध्ये साखर वारंवार फार उतरणे आणि पुढे स्मृतिभ्रंश होणे यांचा संबंध आढळला आहे. शिवाय विसरण्यामुळे गोळी दोनदा घेतली जाते आणि साखर पुन्हा उतरते, असे दुष्टचक्र सुरू होते. म्हणूनच विस्मरण किंवा इतर आजार असलेल्या वृद्धांसाठी एचबीएवनसी (मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८ टक्क्यांपर्यंत राहिले तरी चालते, असे अनेक तज्ज्ञ मानतात. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नये. झालेला प्रसंग डॉक्टरांना तपशिलाने सांगून मात्रा बदलून घ्यावी.

प्रतिसाद ३
मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि शाकाहारी व्यक्तींमध्ये ती शक्यता अधिक असते. या कमतरतेमुळेही विस्मरण होते, पण ती उपचारांनी भरून काढता येते. त्यामुळे बी-१२ आणि थायरॉइड या तपासण्या आधी करून घ्याव्यात. वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी आणावी, म्हणजे आजचा कप्पा रिकामा आहे की नाही, हे त्यांना स्वतःलाच पाहता येईल.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची आभारी आहे. आईच्या गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही आहेत, हे पाकीट पाहिल्यावर आता लक्षात आले. उद्याच डॉक्टरांची वेळ घेते.