'सीझनआधी आठ आठवडे फक्त जिम' – कोणत्या खेळासाठी म्हणे?

ट्रिगवरचा_पाय

शेजारच्या धाग्यावर लोखंडी_गण्या यांनी हायलँड गेम्सच्या हेवी इव्हेंटसाठी (हॅमर, वेट, दगड, ओंडका फेकायचे जड खेळ) सल्ला दिलाय. सारांश असा: स्कॉटलंडात गेम्स मे महिन्यात सुरू होतात, म्हणून मार्च-एप्रिल इम्प्लिमेंटला (फेकायच्या साधनांना) हात लावू नका, स्क्वॉट, डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस वाढवा, शेवटचे पंधरा दिवस फेका, टेक्निक आपोआप बसतं. खाली नव्या पोरांची 'मस्त सर'ची रांग. तिथे दोन ओळी टाकून भागणार नाही म्हणून वेगळा धागा.

हॅमरपासून सुरुवात करतो, कारण आपोआपवाल्यांचा मुखवटा तिथेच गळतो. मैदानाकडे पाठ, बुटाच्या टोकाचे ब्लेड जमिनीत, पाय हलवायचे नाहीत, आणि १६ पौंडाचा गोळा काठीच्या टोकाला डोक्याभोवती फिरवायचा. उजव्या हाताच्या माणसाचा लो पॉइंट (गोळा सगळ्यात खाली येतो ती जागा) समोर-उजवीकडे हवा, हाय पॉइंट मागे-डावीकडे. गोळा मागे गेला की कंबर पुढे, गोळा समोर आला की कंबर मागे. हे उलटं वजन देणं कुठल्या मशीनवर शिकवतात? दोन महिने काठी हातात नसली की पहिली जाते ती हीच वेळ. मग माणूस हाताने ओढायला लागतो, कोपर वाकतात, त्रिज्या लहान होते, लो पॉइंट डावीकडे सरकतो आणि थ्रो सपाट जातो. डेडलिफ्ट २० किलोंनी वाढली तरी तो सपाटच जाणार.

शिवाय शुक्रवारी जड डेडलिफ्ट आणि शनिवारी हॅमर, हे तर हमखास. पाठ दगड झालेली, कंबर फिरत नाही, मग 'आज लय लागत नाहीये'. लय कुठून लागणार?

माझा हिशेब: १२ ते ९ आठवडे आधी जिम तीन दिवस, थ्रो एक दिवस. त्यात हलका हॅमर आणि २८ पौंडी वेटचे (कडी लावलेल्या वजनाचे) उभ्याने थ्रो. ८ ते ५ मध्ये जिम तीन (तीन-तीनचे जड सेट), थ्रो दोन दिवस. शेवटच्या चारात जिम दोन, थ्रो तीन, त्यातला एक दिवस सगळे इव्हेंट ओळीने. हॅमर वर्षभर. दर आठवड्याला पंधरा-वीस थ्रो का होईना, पण सोडायचा नाही.

लोखंडी_गण्या

माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. आता माझं अख्खं वाक्य वाचा. मी 'पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या लोकांनी' असं लिहिलं होतं. ते सोयीस्कर गाळलंत.

तुम्ही हॅमर धरून बसलात कारण तो तुमच्या बाजूचा आहे. ५६ पौंडी वेटवर या. ते २५.४ किलो. एका हाताने कडी धरून ९ फुटांच्या जागेत दोन गिरक्या घ्यायच्या आणि ट्रिगच्या (पुढच्या लाकडी अडसराच्या) वरच्या पृष्ठभागाला पाय न लागू देता सोडायचं. ज्याची पाठ आणि हॅमस्ट्रिंग कच्ची आहे त्याला ते वेट पहिल्या गिरकीतच बाहेर खेचतं. खांदा पुढे, ढुंगण मागे, आणि मग तो 'टेक्निक सुधारतोय' म्हणून असे तीस थ्रो मारतो. तीस चुकीचे थ्रो म्हणजे तीसदा पक्की केलेली चूक. त्यापेक्षा सहा आठवडे पॉवर क्लीन, रोमानियन डेडलिफ्ट, फ्रंट स्क्वॉट आणि पुश प्रेस करून मगच ते उचलावं.

आणि मार्चमधलं स्कॉटलंड बघितलंय का? जमीन चिखल, बोटं गार, पकडीची राळ हाताला धरत नाही. ब्लेड चिखलात रुतत नाहीत, नुसते चिरत जातात. अशात ५६ फेकून बरगडीखालचा स्नायू ताणून घेतला की मे महिना गॅलरीतून बघायचा. एकोणिसाव्या शतकातला नावाजलेला स्कॉटिश बलवान डोनाल्ड डिनी पाथरवट होता, आधी दगड उचलायचा, मग फेकायचा. पोटार्कच्या पुलाजवळचे त्याने उचललेले दोन दगड मिळून ७३३ पौंड आहेत. ताकद आधी.

ट्रिगवरचा_पाय

डिनी दर उन्हाळ्यात गावोगाव गेम्स खेळत हिंडायचा, वर्षानुवर्षं. त्याचं उदाहरण माझ्या बाजूने जातं, तुमच्या नाही. पाथरवट कामाला गेला म्हणजे जिमला गेला असं होत नाही.

५६ बद्दल बरोबर आहात. म्हणूनच मी २८ लिहिलंय. ५६ चे पूर्ण थ्रो मीही एका दिवसात आठ-दहाच्या वर सांगत नाही, तेही शेवटच्या सहा आठवड्यांत. मधल्या काळात ४२ चं मिळालं तर सोनं.

तालीमबाज

एवढं लिहिलंत, पण सोपा उपाय कुणीच सांगत नाही. आपल्या तालमीत गदा आणि मुदगल कशासाठी होते? डोक्याभोवती जड वस्तू फिरवायला आपल्याकडे शतकानुशतकं शिकवतात. रोज शंभर हात मुदगल मारा, हॅमर हातात आला की घरच्यासारखा वाटेल. परदेशात राहून आपलंच विसरलात सगळे.

किल्टवाली

झालं, आता धागा तालमीत. जाण्याआधी एक: सगळे ५६ आणि १६ चे आकडे टाकताय. बायकांचे वेट २८ आणि १४ पौंडी, हॅमर १६ आणि १२, हे कुणी लिहितच नाही. मग एखादी पोरगी 'आठ ते दहा थ्रो' वाचून २८ वर तोच आकडा लावते. आमच्या २८ ला तेवढा विसावा लागत नाही. अंगावर येणारं वजन बघून आकडा ठरवा, इव्हेंटचं नाव बघून नाही. पंधरा-सोळा थ्रो सहज होतात, पुढच्या दिवशी जिम असली तरी.

ट्रिगवरचा_पाय

@किल्टवाली, मान्य. आकडे पुरुषांच्या ओपन (खुल्या) गटाचे, असं म्हणायला हवं होतं.

@तालीमबाज, गदा फिरवून हॅमर येत नाही. मुळात उलटं आहे. गदा पाठीमागे गेली की कोपर वाकतात, गोळा पाठीच्या कण्याजवळून खाली जातो, क्षणभर थांबतो, मग खांद्यावरून ओढून पुढे आणायचा. हॅमरला थांबणं नाहीच. हात लांब, सतत एका तिरप्या वर्तुळात. गदेची सवय असलेला माणूस हॅमर मागे गेल्यावर नेमका कोपर वाकवतो, काठी डोक्याजवळ येते. एवढंच नाही, गदेत पाय आणि कंबर स्थिर ठेवायला शिकवतात. हॅमरमध्ये कंबरच काम करते.

तालीमबाज

तुम्ही कधी तालमीत पाय ठेवलाय का? दोन्ही हातांनी गदा फिरवताना कंबर हलत नाही हे कुणी सांगितलं? वस्ताद सगळ्यात आधी कंबर बघतात. आणि थांबते म्हणता, ती थांबते नवशिक्याची. मुरलेल्याची वाहते.

अबर्डीनकर

वाद मस्त चाललाय, काडी टाकतो. तालीमबाजांच्या म्हणण्यात एक तथ्य आहे, आणि ते त्यांनीच सांगितलेलं नाही. नवख्या माणसाला हॅमरमध्ये पहिली अडचण येते ती खांद्यांची. हात डोक्यामागून जाताना खांदे आखडलेले असले की कोपर आपोआप वाकतात, मग दोष टेक्निकला. बेंचप्रेसवाल्यांचं हे कायमचं दुखणं आहे (गण्याशेठ, तुमच्याकडे बघून नाही म्हणत). हलक्या गदेने खांदे मोकळे होतात. चार किलो पुरे, दोन्ही दिशांना दहा-दहा, दोन सेट, वॉर्मअप म्हणून. रोज शंभर हात मारलेत तर त्याच दिवशी खांद्यात हॅमरला काही उरणार नाही.

लोखंडी_गण्या

बघा, सगळे फिरून बेंचप्रेसवर. बेंच कुणी सांगितली? मी ओव्हरहेड प्रेस लिहिलं होतं. वाचा हो जरा.

तालीमबाज

चार किलो! ती गदा की पोरांचं खेळणं?

ट्रिगवरचा_पाय

खेळणंच हवं. मोकळं व्हायचंय, दमायचं नाहीये. अबर्डीनकरांनी लिहिलेलं मान्य: गदेने खांदे मोकळे होतात. त्यापुढे एक इंचही नाही. 'शतकानुशतकं' हा युक्तिवाद नको. कुस्तीत उपयोग झाला म्हणून हॅमरमध्ये होईलच असं नाही.

तालीमबाज

इंचभर दिलात तेवढं पुरे. बाकीचं वेळ आल्यावर बघू.

ग्लासगोकर_काका

पंच म्हणून लाइनवर उभा असतो, त्यामुळे जरा बोलतो. गदा की जिम यावर तुमचं चालू द्या. पण सीझनआधी हॅमरची काठी तपासली का, हे कुणी विचारत नाही आणि जीव घेईल ती तीच. वेताची असो की जाड भिंतीच्या पीव्हीसीची, ती गोळ्याच्या तोंडापाशी तुटते, कारण सगळा ताण तिथेच येतो आणि प्रत्येक वेळी खाली पडताना तिथेच आपटते. ऊन खाल्लेलं पीव्हीसी ठिसूळ होतं, बाहेरून चकचकीत दिसतं. गोळ्यापासून वीतभर भाग नखाने दाबत जा, केसासारखी पांढरी रेघ दिसली की फेकून द्या. काठी गोळ्यात सैल झाली तर नुसती टेप गुंडाळून भागवू नका, नवीन बसवा. एकूण लांबी ५० इंचांच्या वर जाऊ देऊ नका, मोजपट्टी लागली की बाद.

हातांची राळ काठीवर थर धरते, ती पुसून काढा. जुन्या थरावर नवा थर लावला की हात घसरतो, आणि घसरलेला हॅमर कुठे जाईल ते लोकांना कळत नाही. तुम्हालाही नाही.

नवाखेळाडू_७

काका, काठी कुठल्या बाजूला जाते ते आधी ओळखता येतं का? माझी कायम डावीकडे जाते, म्हणजे मैदानाकडे बघणाऱ्यांच्या डावीकडे.

ग्लासगोकर_काका

तू उशिरा सोडतोयस बाळा. उजव्या हाताच्या फेकणाऱ्याचा हॅमर डाव्या खांद्यावरून सुटला पाहिजे. पाठीमागे जाईपर्यंत धरलास तर तो आडवा, मैदानाकडे बघणाऱ्याच्या डावीकडे जाणार. लवकर सोडलास तर उजवीकडे. शेवटच्या फेऱ्यात जास्त जोर लावायला जातोस, म्हणून हात उशीर करतात.

पाच थ्रोनंतर जमिनीतली ब्लेडची भोकं बघ. नीट उभा राहिलास तर दोन सरळ चिरा राहतात. उजव्या पायाचं भोक चंद्रकोरीसारखं झालं असेल तर तुझं पाऊल फिरतंय, म्हणजे गुडघा पिळतोय. तीन महिने असंच चालवलंस तर गुडघ्याचा डॉक्टर शोधावा लागेल.

लोखंडी_गण्या

हे पटलं. बघा, सरळ उपयोगाचं लिहिलं की मी भांडत नाही.

केबरप्रेमी

हॅमर, हॅमर, हॅमर. केबरला, म्हणजे उभा धरून उलटवायच्या ओंडक्याला, कुणी विचारत नाही. ब्रेमारच्या गेम्सचा केबर १९ फूट ९ इंच, १२० पौंड, तिथे सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर असतं. आणि तुम्ही म्हणता शेवटच्या पंधरा दिवसांत करून बघू?

केबर जिममध्ये बनत नाही आणि घराच्या मागेही बनत नाही. जाड टोक वर, बारीक टोक हातात. नवशिक्याची चूक एकच: वरचं टोक अजून पुढे झुकलंही नसतं आणि हा ओढतो. मग केबर उभाच राहतो किंवा मागे येतो. वरचं टोक पडायला लागू दे, पाय थांबव, थोडा वाक, मग ओढ. आणि टोक लवकर पडलं की माणूस त्यामागे धावत सुटतो, तेव्हा खेचायला काही उरत नाही. पंधरा-सोळा फुटांचा, साठ-सत्तर पौंडांचा सराव केबर घ्या. आठवड्याला दहा-बारा वेळा नुसता उचलून खांद्यावर स्थिर करा, पावलं टाका आणि सुरक्षित बाजूला सोडून द्या. ओढणं त्यानंतर. पाऊस पडला की तोच केबर जड होतो, त्याचाही सराव ओल्या लाकडावर.

ट्रिगवरचा_पाय

@केबरप्रेमी, यात लोखंडी_गण्यांशी माझं जुळतं. उचलण्याइतकी ताकद नसेल तर बाकीचं व्यर्थ. इथे फ्रंट स्क्वॉट खरंच कामाला येतो.

लोखंडी_गण्या

नोंद घ्या, या धाग्यावर मला पहिला कबुलीजबाब मिळाला. स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

किल्टवाली

अवांतर: 'वेट ओव्हर बार' (वेट उंच आडव्या दांडीवरून फेकणं) कुणीच लिहिलं नाही, आणि तिथेच सीझनच्या पहिल्या दिवशी लोक जखमी होतात. बारकडे पाठ, वेट पायांतून मागे झुलवून एका हाताने डोक्यावरून. लवकर सोडलं तर सरळ वर जातं आणि तुमच्याच डोक्यावर येतं. पहिल्या दोन सरावांत बार लावूच नका. वेट सुटल्यावर वर न बघता दोन पावलं बाजूला जायची सवय आधी लावा. जिममध्ये २४ किलोच्या केटलबेलने झुलण्याची लय बसवा, पण केटलबेल सोडू नका. छतं महाग असतात.

लोखंडी_गण्या

ठीक. दुरुस्ती करतो, पण 'दोन महिने बंद' हे माझ्याकडून नवशिक्यांसाठीच राहील. बाकीच्यांचे हॅमर आणि हलके थ्रो वर्षभर चालू, ५६ ला हात लावायचा तो पायांत ताकद आल्यावर. वर्षाला एकदा एखादा पुण्यवान माझ्याशी सहमत होतो, एवढं खूप.

ट्रिगवरचा_पाय

तुमचं 'आपोआप' मागे घेतलंत तर धागा बंद करतो.

लोखंडी_गण्या

'थोडंफार आपोआप'. यापेक्षा खाली येणार नाही.

अबर्डीनकर

मग एक प्रश्न राहतोच: शेवटच्या आठवड्यात काय? गेम्स शनिवारी असेल तर मी सोमवारी हलकी जिम, बुधवारी प्रत्येक इम्प्लिमेंटचे चार-पाच थ्रो आणि शुक्रवारी फक्त ब्लेडचे स्क्रू घट्ट करणं, एवढंच ठेवतो. दगड, वेट, हॅमर, केबर सगळ्यांत तीन-तीन संधी, म्हणजे जड-हलके सगळे प्रकार धरले तर दिवसभरात पंचवीसच्या आसपास पूर्ण ताकदीचे थ्रो आणि मध्ये लांबलचक थांबणं. थांबताना अंग गार पडतं, तेव्हा प्रत्येक इव्हेंटआधी पाच मिनिटं हालचाल. बुधवारी कोण काय करतं, ते लिहा.

तालीमबाज

बुधवारी चार किलोची गदा.