15 हॉर्सपॉवरच्या आउटबोर्डवर (बोटीमागे बाहेरून टांगायच्या मोटारीवर) छोटा हायड्रोप्लेन: आराखडा कुठून सुरू करू?

रेंटनकर:
नमस्कार मंडळी. सिअ‍ॅटलजवळ रेंटनला राहतो. मोहाय संग्रहालयात टांगलेली ‘स्लो-मो-शन फोर’ ही जुनी शर्यतीची बोट पाहिल्यापासून आमच्या सईला हायड्रोप्लेनशिवाय (वेगात पाण्याला जेमतेम टेकत धावणाऱ्या बोटीशिवाय) दुसरं काही सुचत नाही. ती दहा वर्षांची आहे. इथल्या हायड्रोप्लेन शर्यतींतला ज्युनिअर ‘जे’ वर्ग 9 ते 15 वर्षांच्या मुलांचा, म्हणजे ती त्यात बसते. तयार बोट घेण्यापेक्षा दोघांनी मिळून बांधावी असं मनात आहे. माझं काम मेकॅनिकल डिझाइनचं, त्यामुळे कॅडवर हात बसलेला आहे. लाकूडकाम मात्र घरातली कपाटं आणि एक टेबल, एवढंच. गॅरेजात एका गाडीची जागा मोकळी करता येईल.

तीन टेकूंचा तळ करावा की पायरीचा (मधेच आडवी पायरी असलेला)? गुरुत्वमध्य कुठे ठेवायचा? आणि प्लाय किती जाडीचा? वजन कमी करायच्या नादात बोट कमकुवत होईल अशी भीती वाटते.

सुतारपक्षी:
रेंटनकर, मी मिशिगनमध्ये असतो. छोटे आउटबोर्ड हायड्रो बांधणं आणि दुरुस्त करणं हा माझा बऱ्याच वर्षांचा नाद. पायरीचा तळ जपानच्या मोटरबोट शर्यतींत आजही चालतो. तिथे एका शर्यतीत सहा बोटी, साधारण 400 सीसीच्या यामातो मोटारी आणि ताशी जवळपास 80 किमी वेग. पण तुम्ही तीन टेकूंचीच करा, तुमच्याकडे ज्युनिअर मुलं त्याच चालवतात. पुढे डावी-उजवीकडे दोन स्पॉन्सन (बाजूला काढलेले पोकळ टेकू) आणि मागे तळाचा शेवट. वेग आला की बोट एवढ्यावरच टेकते, बाकी तळाखाली हवा असते. 1950 मध्ये ‘स्लो-मो-शन फोर’ने लेक वॉशिंग्टनवर ताशी 160.323 मैलांचा विक्रम केला तो याच युक्तीवर. तिच्यात मागचा टेकू तर जवळजवळ पंख्याचाच (प्रॉपेलरचाच) होता, अर्धा पाण्यात आणि अर्धा बाहेर.

तीच हवा जिवावरही उठते. नाक प्रमाणाबाहेर उचललं की खालची हवा बोट उलथवते. 1967 च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या कॉनिस्टनच्या तळ्यावर वेगाचे विक्रमवीर डोनाल्ड कॅम्पबेल गेले ते असेच, ताशी 300 मैलांच्या आसपास. तुमचा वेग त्याच्या जवळपासही नाही, पण नियम तोच. म्हणून कॅडमध्ये पहिली रेघ बोटीची मारू नका. आधी वजनं मांडा.

उदाहरणादाखल ट्रान्समला (मोटार टांगतात त्या बोटीच्या मागच्या भिंतीला) शून्य धरा. रिकामी बोट 50 किलो, तिचा मध्य 1.3 मीटर पुढे. मोटार 35 किलो, ट्रान्समच्या 20 सेंमी मागे, म्हणजे उणे. सई हेल्मेट-जॅकेटसकट 40 किलो, गुडघे टेकून 0.9 मीटरवर. एकूण मध्य येतो साधारण 75 सेंमीवर. आता ती 30 सेंमी पुढे सरकली की तो 85 ला जातो. एवढ्याशा मुलीच्या सरकण्याने सगळ्या बोटीचा मध्य जवळपास 10 सेंमी हलतो! चालक गुडघ्यांवर असतो तो यासाठीच: सुटताना पुढे झुकायचं, बोट वर आली की मागे यायचं. मध्य स्पॉन्सनच्या मागच्या कडेच्या मागेच हवा, पण फार मागे गेला तर नाक उडतं आणि पुढे आला तर नाक पाण्यात खुपसतं. तिला सरकायला पुढे-मागे जागा ठेवा, आणि ती वाढणार आहे हेही धरून चाला.

जाडी म्हणाल तर तळाला 6 मिमी, डेकला (वरच्या पृष्ठाला) 3 मिमी ओकुमे या हलक्या लाकडाचा मरीन प्लाय आणि स्प्रूसच्या (हलक्या सूचीपर्णी लाकडाच्या) पट्ट्या. ताकद प्लायच्या जाडीतून कमी आणि चौकटी जवळ-जवळ ठेवून, सांध्यांत इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा चिकट राळ) नीट भरून जास्त येते.

माझा जीव अडकतो तो तळाच्या शेवटच्या मीटरभरात. तिथे धातूची सरळ पट्टी आडवी-उभी ठेवा, पलीकडून टॉर्च मारा आणि उजेडाची फट कुठे दिसते ते पाहा. तळ मागच्या कडेला खाली वळला असेल तर बोट नाक दाबून धावते, वर वळला असेल तर बेडकासारखी उड्या मारते. मोटार कितीही चांगली असो, हा दोष ती झाकत नाही. आणि मागची कड धारदार ठेवा. सँडपेपरने हात फिरवून ती गोल केलीत की पाणी सुटत नाही, वर चढतं. ठोकळ्याला गुंडाळूनच घासा.

दाभोळखाडी:
सुतारपक्षी काकांशी सहमत. आमच्याकडे फायबर आणि प्लायच्या होड्या होतात, शर्यतीच्या नाहीत, पण प्लाय तो प्लायच. भारतात आम्ही आयएस 710 हे मरीन प्लायचं मानक बघतो, तुमच्याकडे बीएस 1088 या ब्रिटिश मानकाचा शिक्का मागा. शिक्क्यावरही विसंबू नका. एक तुकडा कापून दोन-तीन तास पाण्यात उकळा. थर सुटले तर तो प्लाय परत करा. कापलेल्या कडेला आतल्या थरात पोकळी दिसते का तेही बघा, तळ तिथेच फुटतो.

दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो. पुढचा हात मारण्यापूर्वी तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊनच काढायचा. नुसतं सँडपेपर मारलंत तर तो आत दाबला जातो, मग रंग सोलून निघतो.

रेंटनकर:
दोघांचेही मनापासून आभार. वजनांचा तक्ता आज रात्रीच सईबरोबर करतो. अजून एक: वळणाचं पातं दोन्ही बाजूंना लावायचं का? आणि सुरक्षेचं काय?

सुतारपक्षी:
एकच, डाव्या बाजूला. शर्यत डावीकडे वळत जाते, म्हणून आतल्या स्पॉन्सनवर पातं हवं. ते नसेल तर वळणावर बोट आडवी घसरत जाते. त्याच्या बोल्टांमागे आतून जाड लाकडी ठोकळा बसवा, नुसत्या प्लायमध्ये बोल्ट टिकत नाहीत.

सुरक्षेत तडजोड नको. थ्रॉटल (वेगाचा खटका) स्प्रिंगचा हवा, हाताची बोटं सुटली की आपोआप बंद होणारा. किल स्विचची (दोरी ओढली जाताच मोटार बंद करणाऱ्या बटणाची) दोरी तिच्या जॅकेटला. या वर्गात चालकाला बांधत नाहीत, बोट उलटली तर तो बाहेर फेकला जातो. म्हणून हेल्मेट, रेसिंगचं लाइफ जॅकेट आणि पंख्याच्या पात्याने न कापले जाणारे बाह्या-पायजम्याचे कपडे आधी घ्या, प्लाय नंतर. सिडनीत केन वॉर्बींनी घरामागच्या अंगणात लाकूड-फायबरची बोट बांधून 1978 मध्ये ताशी 317.6 मैलांचा विक्रम केला, तेव्हा तुमची गॅरेजची जागा पुरेशी आहे.

मोटार आधी मिळवा. पंख्याच्या दांड्याची उंची काही मिलिमीटरने बदलली तरी वेग बदलतो, त्यामुळे ट्रान्समची वरची कड मोटार समोर ठेवून मोजल्याशिवाय कापू नका.