मदत हवी आहे: तासभर न वापरलेले पोस्टग्रेस कनेक्शन पुढच्या क्वेरीला पंधरा मिनिटे अडकून राहते

नमस्कार. आमच्याकडे तीन ॲप्लिकेशन सर्व्हर आणि एक डेटाबेस सर्व्हर अशी रचना आहे. सगळीकडे लिनक्स आहे, डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएल आहे, ॲप्लिकेशन जावामध्ये असून ते जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा दुवा) वापरते आणि प्रत्येक ॲप्लिकेशन सर्व्हरवर २० कनेक्शनचा पूल, म्हणजे उघडून ठेवलेला व पुन्हा पुन्हा वापरला जाणारा साठा, आहे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या सबनेटमध्ये असल्यामुळे मध्ये एक फायरवॉल येते. माझा संशय तिच्यावरच आहे, मात्र त्यावर केलेला उपाय लागू पडलेला नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

रात्री वापर जवळजवळ थांबतो आणि सकाळच्या पहिल्या काही विनंत्या अडकून पडतात. त्रुटी लगेच येत नाही. साधारण पंधरा-सोळा मिनिटांनी 'कनेक्शन टाइम्ड आउट' असा संदेश येतो आणि त्यानंतर सगळे सुरळीत चालू लागते. त्या अडकलेल्या काळातच त्याच सर्व्हरवरून पीएसक्यूएलने (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन साधनाने) नवे कनेक्शन उघडून पाहिले, तर ते क्षणात उघडते. त्यामुळे ५४३२ पोर्ट, 'लिसन_ॲड्रेसेस', 'पीजी_एचबीए' ही फाइल या कनेक्शन स्वीकारण्याशी संबंधित नेहमीच्या संशयितांना मी सोडून दिले आहे. तिथे चूक असती तर नवे कनेक्शनही मिळाले नसते.

दोन्ही टोकांना टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट टिपणारे साधन) लावल्यावर चित्र बरेच स्पष्ट झाले. ॲप्लिकेशन सर्व्हरवरून क्वेरीचे पॅकेट निघते, उत्तर न आल्याने तेच पॅकेट वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा पाठवले जाते, आणि डेटाबेस सर्व्हरवर त्यातले एकही पोहोचत नाही. पंधरा मिनिटांचा आकडाही इथेच जुळतो, कारण उत्तर न आल्यास पॅकेट किती वेळा पुन्हा पाठवायचे हे ठरवणाऱ्या कर्नलच्या 'टीसीपी_रिट्राइज२' ची मूळ किंमत १५ आहे आणि तेवढे प्रयत्न संपायला किमान ९२४ सेकंद लागतात. फायरवॉल सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांनी तासभर निष्क्रिय राहिलेल्या कनेक्शनची नोंद काढून टाकली जाते हे मान्य केले, पण दोन्ही बाजूंना तसे कळवले जात नाही आणि हा नियम बदलता येणार नाही, असेही सांगितले.

एक दुपार तर फारच वाईट गेली. नियोजित कामासाठी दीड तास वापर बंद होता, नंतर विनंत्या अडकल्या, आणि कोणीतरी घाईने तिन्ही ॲप्लिकेशन रीस्टार्ट केली. त्यावर 'टू मेनी क्लायंट्स' ही नवीच त्रुटी सुरू झाली. जुनी ६० कनेक्शन डेटाबेसच्या लेखी अजून जिवंत होती, त्यांत नव्या ६० ची भर पडू लागली आणि आमची 'मॅक्स_कनेक्शन्स' मर्यादा मूळचीच, म्हणजे १०० आहे. दुखणे एक आणि औषधाने दुसरेच उद्भवले.

आता मूळ प्रश्न. कनेक्शन निष्क्रिय असताना ते जिवंत आहे का हे तपासणारे छोटे पॅकेट अधूनमधून पाठवणे म्हणजे कीपअलाइव्ह. तिन्ही ॲप्लिकेशन सर्व्हरवर मी असे पहिले पॅकेट किती वेळाने जावे हे सांगणारी कर्नलची 'टीसीपी_कीपअलाइव्ह_टाइम' ही किंमत ७२०० वरून ६०० सेकंदांवर आणली आणि ॲप्लिकेशनही पुन्हा सुरू केले. त्यानंतर पीएसक्यूएलचे उघडे ठेवलेले कनेक्शन दोन तासांनीही चालते, पण ॲप्लिकेशनची कनेक्शन पूर्वीसारखीच मरतात. सर्व्हर तोच, कर्नल तोच, फायरवॉलही तीच. मग हा फरक कशामुळे पडतो? आणि ही दुरुस्ती एकाच टोकाला पुरते की दोन्हीकडे करावी लागते? 'टीसीपी_रिट्राइज२' कमी करण्याचा सल्लाही मला मिळाला आहे, पण त्याचे इतर परिणाम काय होतील याची धास्ती वाटते.

प्रतिसाद:

आपण तपास नीट केला आहे, फक्त एक दुवा निसटला आहे. कर्नलमधली ती किंमत ज्या सॉकेटने (प्रोग्रामकडच्या कनेक्शनच्या टोकाने) कीपअलाइव्ह मागितले असेल त्यालाच लागू होते. पीएसक्यूएल ज्या लायब्ररीवर चालते ती हे आपणहून मागते. जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये मात्र 'टीसीपीकीपअलाइव्ह' हा पर्याय मुळात बंद असतो. कनेक्शनच्या पत्त्यात तो चालू करावा आणि नंतर उघडी कनेक्शन दाखवणारी 'एसएस' ही आज्ञा टायमर दाखवणाऱ्या 'ओ' पर्यायासह चालवावी. ज्या ओळीत कीपअलाइव्हचा टायमर दिसत नाही, ते कनेक्शन अजूनही असुरक्षित आहे असे समजावे.

फायरवॉलमधली नोंद ताजी ठेवण्यासाठी सहसा एक टोक पुरते, तरीही मी दोन्हीकडे करेन, कारण समोरचे टोक मेले हे ज्याचे त्यालाच ओळखावे लागते. पोस्टग्रेस आपल्या सॉकेटवर कीपअलाइव्ह मागतोच, पण लिनक्सच्या मूळ किमतींनुसार पहिली चाचणी दोन तासांनी आणि नंतर ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ, म्हणजे मृत कनेक्शन सुटायला सुमारे दोन तास अकरा मिनिटे लागतात. आपली ती ६० भुते तिथेच बसून होती. पोस्टग्रेसमध्ये 'टीसीपी_कीपअलाइव्ह्ज_आयडल' (पहिल्या चाचणीपूर्वीचे सेकंद) ३००, 'इंटरव्हल' (चाचण्यांमधले अंतर) ३० आणि 'काउंट' (चाचण्यांची संख्या) ५ ठेवल्यास हा काळ साडेसात मिनिटांवर येतो. रीस्टार्ट लागत नाही, रीलोड पुरतो. शिवाय पूलमधील कनेक्शनचे कमाल आयुष्य अर्ध्या तासावर आणावे. 'टीसीपी_रिट्राइज२' ला हात लावू नये. ती किंमत त्या यंत्रावरच्या सगळ्याच कनेक्शनना लागू होते. ड्रायव्हरचा 'सॉकेट टाइमआउट' वापरण्याचा मोह झाला, तर तो दीर्घ चालणारे अहवालही मध्येच तोडतो हे लक्षात असावे.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. 'एसएस' मध्ये पाहिले, ॲप्लिकेशनच्या एकाही कनेक्शनवर टायमर नव्हता. ड्रायव्हरचा पर्याय चालू केल्यावर तो साठही ओळींत दिसू लागला. डेटाबेसच्या लॉगमध्ये दररोज मध्यरात्रीनंतर 'क्लायंटकडून डेटा मिळू शकला नाही' अशा अर्थाच्या ओळी एकगठ्ठा येत असत, त्यांचाही उलगडा आता झाला: वापर थांबल्यापासूनचे अंतर प्रत्येक वेळी दोन तास अकरा मिनिटांच्याच आसपास होते. पोस्टग्रेसच्या तिन्ही किमती काल संध्याकाळी बदलल्या. रात्री त्या ओळी आल्या नाहीत आणि आज सकाळी पहिली विनंती अडकली नाही. पूलच्या आयुष्याचा बदल पुढच्या रिलीजमध्ये जाईल.