मदत हवी आहे: माध्यमांच्या शिक्षणासाठी पुणे विद्यापीठातला कोणता विभाग निवडावा?

नमस्कार. धाकटी बहीण उदगीरला मराठी माध्यमातून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे पुणे विद्यापीठात जायचंय, पण फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता करावी की गणेशखिंडच्या आवारात माध्यम आणि संज्ञापन, हे ठरत नाहीये. तिला शेतीवर माहितीपट आणि रेडिओ कार्यक्रम करायचेत. लिहिते फार छान, इंग्रजी वाचन मात्र अजून जड जातं.

तिथे शिकलेल्या ताई-दादांनी कृपया सांगा: उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का? कॅमेरा आणि संकलन प्रत्यक्ष हाताळायला कितपत मिळतं? विद्यापीठाच्या 'विद्यावाणी'वर (१०७.४ एफएम) विद्यार्थ्यांना कार्यक्रम करू देतात का? आणि प्रवेश परीक्षेसाठी रोज पेपर वाचण्यापलीकडे तुम्ही काय केलंत? वसतिगृहाचं आम्ही बघतोय.