भूमध्य समुद्रातली क्रूझ : इटली-स्पेनची घ्यावी की ग्रीसची? जमिनीवरचे दिवस कुठे जोडावेत? (मदत हवी आहे)

शुभंकर_ठाणे
नमस्कार मंडळी. सात रात्रींच्या दोन क्रूझपैकी एक निवडायची आहे.

अ) बार्सिलोना – मार्सेय – जिनोआ – नेपल्स – मेसिना – व्हॅलेटा (माल्टा) – एक दिवस समुद्रात – बार्सिलोना
ब) अथेन्स – थेस्सालोनिकी – कुशादासी – क्रीट – सँटोरिनी – मिकोनोस – मिलोस – अथेन्स

आधी किंवा नंतर चार-पाच दिवस जमिनीवर काढायचे आहेत. एजंट म्हणतो सवलत रविवारपर्यंतच आहे. जुने धागे चाळले, सगळी चर्चा सिंगापूरच्या क्रूझची. कोणती घेऊ तेवढं सांगा, प्लीज. वेळ कमी आहे.

अनुजा_बाणेर
कधी जाताय? किती जण? कुणी वयस्कर किंवा लहान मूल? शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) आहे का आधीचा? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

वाटसरू
डोळे मिटून ब. बार्सिलोना काय, विमानाने कधीही होतं. सँटोरिनीला जहाज आत शिरताना वर कड्याच्या टोकावर पांढरी गावं दिसतात, ते डेकवरूनच बघावं. कुशादासीहून एफेसस हे प्राचीन शहर वीसेक किलोमीटरवर आहे, तेही होऊन जातं. जमिनीवरचे दिवस अथेन्सला द्या. विषय संपला.

मडगावकर
विषय इतक्यात संपत नाही हो. मी बरीच वर्षं जहाजावर किचनमध्ये होतो. सँटोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर उभं राहतं आणि लोकांना लहान बोटींनी उतरवतात. खालच्या बंदरातून वर गावात जायला केबल कार, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या. एकाच दिवशी तीन-चार जहाजं आली की केबल कारच्या रांगेतच निम्मा दिवस जातो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे उत्तरेचा वारा जोर धरतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. तो वाढला तर बोटी सोडतच नाहीत, कॅप्टन पुढच्या बंदराकडे निघतो. म्हणून अनुजाताई विचारतायत ते आधी सांगा.

शुभंकर_ठाणे
मे महिना, मुलीची शाळा सुरू व्हायच्या आत. आम्ही दोघं, मुलगी (9) आणि आई-बाबा. बाबा 71 वर्षांचे, चालतात पण गुडघ्याचा त्रास आहे, चढ-उतार जमत नाही. व्हिसाचं एजंट बघतोय. पण मूळ प्रश्न अ की ब एवढाच आहे.

मालती_नाशिक
फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन भरलेलं) दोन घ्या, एक तुमच्या नावावर आणि एक सौभाग्यवतींच्या. दोन्ही एकाच पर्समध्ये ठेवू नका. खायला बाकरवडी, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी न्या. पेढे-बर्फी मात्र नको. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. भाचीचा साजूक तुपातल्या लाडवांचा डबा गेला, इतकं वाईट वाटलं.

रुळावरून
क्रूझ घेऊच नका, हा माझा प्रामाणिक सल्ला. बंदरावर सकाळी आठला उतरायचं आणि निघायच्या तास-अर्धा तास आधी परत जहाजावर. त्यात काय बघणार? लोक ‘रोम’ म्हणून बुक करतात आणि उतरतात चिवितावेक्कियाला, तिथून रोम सत्तरेक किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणतात आणि जहाज लागतं लिव्होर्नोला. त्यापेक्षा रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस रेल्वेने करा. स्टेशनं शहराच्या मध्यात, गाड्या वेगवान.

मडगावकर
रुळावरूनभाऊ, दर दोन दिवसांनी 71 वर्षांच्या माणसाने बॅग भरायची, फलाटावर ओढायची, नव्या हॉटेलात लिफ्ट आहे की नाही ते बघायचं? जहाजावर बॅग एकदाच उघडतात. बाबांचा गुडघा दुखला तर ते वर डेकवर चहा घेत बसतील, बाकीचे फिरून येतील. अशा घरांसाठीच क्रूझ आहे. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा, आणि पहिल्या रात्री टेबलवर येणाऱ्या हेड वेटरला स्वतः सांगा. दुसऱ्या दिवशीचं आदल्या रात्री सांगितलं की किचनला तयारी करता येते. स्टाफमध्ये गोव्याचे लोक भेटतीलच, मनापासून करतात.

रुळावरून
बॅग उचलायला आता सोयी आहेत. इटलीत रेल्वेकडे आधी कळवलं की ज्यांना चालायला त्रास आहे त्यांना गाडीत चढवून देतात. फुकट.

वाटसरू
धाग्याचा विषय क्रूझ आहे. कृपया रेल्वेचा वेगळा धागा काढा.

अनुजा_बाणेर
शुभंकर, अ की ब ठरवायच्या आधी एक सांगा. आई-बाबांना काय बघायचंय? त्यांना विचारलंय का?

शुभंकर_ठाणे
बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. पॉम्पेई (नेपल्सजवळचं, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर) त्यांना बघायचंच आहे, त्याबद्दल वर्षानुवर्षं बोलतात. आईला व्हॅटिकन. आम्हाला बार्सिलोना. म्हणजे अ कडेच जास्त झुकतोय. नेपल्सला जहाज दिवसभर आहे, तेव्हा पॉम्पेई होईल ना?

वाटसरू
होतं. जहाजाची सहल घेतली की चार तासांत नेऊन आणतात.

पडघवली_ते_पादोवा
इटलीत राहते म्हणून लिहिते. चार तासांत नेऊन आणतात, पण कुणाला? पॉम्पेईतले रस्ते दोन हजार वर्षांपूर्वीचेच आहेत. मोठाले ओबडधोबड दगड, मधे रथांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, सावली जवळजवळ नाही. गाइड झेंडी वर धरून चालत सुटतो आणि तीस-चाळीस माणसं त्याच्या मागे. तुमचे बाबा पहिल्या चौकातच मागे पडतील, आणि ज्यासाठी ते इतकी वर्षं थांबले ते ‘बस सुटेल’ या धाकात बघतील. हे होऊ देऊ नका.

अ हाच घ्या, पण बार्सिलोनाहून चढू नका. हे जहाज वर्तुळात फिरतं. अशा मार्गांवर बऱ्याचदा जिनोआ किंवा नेपल्सहूनही चढता येतं, मार्ग तोच, सुरुवात वेगळी. एजंटला सरळ विचारा : नेपल्सहून चढायला मिळेल का?

मिळालं तर मुंबईहून रोमला उतरा. तिथे तीन रात्री, आईंचं व्हॅटिकन निवांत. मग वेगवान गाडीने सव्वा तासात नेपल्स, तिथे दोन रात्री. पॉम्पेईला एक अख्खा दिवस, सकाळी लवकर. पियाझ्झा अँफितेआत्रो नावाच्या दरवाजातून आत गेलात तर गुडघ्याला सोसेल असा सपाट केलेला मार्ग आहे, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. पूर्ण चालायची गरज नाही. लोकल गाडी टाळा, ती खच्चून भरते आणि जिने आहेत. पाच जण आहात, टॅक्सी किंवा गाडी ठरवा, भाडं बसायच्या आधी. दुसऱ्या दिवशी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय. पॉम्पेईत सापडलेलं मोझेइक (बारीक तुकडे जोडून केलेलं चित्र), त्यात सिकंदर आणि इराणचा राजा दारियस यांची लढाई, ते मूळ तिथे आहे, त्या जागेवर नाही. इतिहासाच्या शिक्षकाला ते दाखवायलाच हवं. मंगळवारी बंद असतं.

मग जहाज. बार्सिलोना बंदराच्या दिवशी होईल, तुम्ही दोघं आणि मुलगी सग्रादा फमिलिया चर्च बघून या, तिकीट आधी काढून. परत नेपल्सलाच उतराल, रोमला गाडी, संध्याकाळचं विमान. जाण्यायेण्याचं तिकीट एकाच शहराचं, ते सहसा स्वस्त पडतं.

मडगावकर
ताईंनी लाखातलं सांगितलं. आमच्याकडे जुने लोक म्हणायचे, जे सगळ्यात महत्त्वाचं ते बंदराच्या दिवसावर सोडू नये. त्यात एक भर : व्हॅलेटाला धक्क्याजवळून वरच्या बागेपर्यंत लिफ्ट आहे, बाबांना चढ लागणार नाही. वरून अख्खं ग्रँड हार्बर दिसतं. मेसिनाला चर्च बंदरापासून चालत आहे, दुपारी बाराला त्याच्या घड्याळातला सोनेरी सिंह आणि कोंबडा हलतात. मुलीला तिथे बाराच्या आधी उभं करा. मार्सेयचा धक्का मात्र शहरापासून लांब आहे, तिथे बसची सोय बघून ठेवा.

अनुजा_बाणेर
आणि व्हिसा. ‘एजंट बघतोय’ यावर सोडू नका. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार. बार्सिलोनाहून चढाल आणि दिवस तिथे जोडाल तर स्पेन, वरच्या योजनेत इटली. म्हणजे कुठून चढायचं हे ठरल्याशिवाय अपॉइंटमेंट घेऊ नये. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. मेसाठी गर्दी असते, जितक्या लवकर तितकं बरं. विमा किमान 30,000 युरोचा, आई-बाबांचा वेगळा नीट वाचून घ्या. जुनं दुखणं त्यात धरलंय का ते बघा. ब घेतलं असतं तर कुशादासी तुर्कस्तानात, म्हणजे शेंगेनमधून बाहेर जाऊन परत आत, त्याला एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा लागला असता आणि तुर्कस्तानचे नियम वेगळे. अ मध्ये सगळी बंदरं शेंगेनमध्येच.

वाटसरू
ग्रीस तरी एकदा कराच. मेमध्ये तो वारा नसतो एवढा.

शुभंकर_ठाणे
एजंटला फोन केला. नेपल्सहून चढता येतं, भाड्यात थोडा फरक आहे, फार नाही. सवलत तीच. आधी हे त्याने सांगितलंच नव्हतं. बाबांना सांगितलं, ते लगेच नेपल्सच्या संग्रहालयाचं वाचायला बसले. आता रोमचं : नेपल्सहून जहाज शनिवारी निघतं, म्हणजे रोमला सोमवार संध्याकाळ ते गुरुवार. व्हॅटिकन कोणत्या दिवशी?

पडघवली_ते_पादोवा
मंगळवार. बुधवारी सकाळी पोप चौकात लोकांना दर्शन देतात, तेव्हा सेंट पीटर्स चर्चमध्ये सकाळी जाता येत नाही आणि गर्दी प्रचंड. आईंना पोपना लांबून बघायचं असेल तरच बुधवार. व्हॅटिकनच्या संग्रहालयाचं तिकीट वेळेसकट आधीच काढा. कोलोसियम बुधवारी दुपारी ठेवा, तिकिटावर नावं असतात, पासपोर्टप्रमाणेच लिहा. गुरुवारी सकाळच्या गाडीने नेपल्स, शुक्रवारी पॉम्पेई. शनिवारी सकाळी संग्रहालय, दुपारी जहाज. बॅगा तोवर हॉटेलात ठेवता येतील. जहाजावर चढायची शेवटची वेळ मात्र कंपनीच्या कागदावर बघून मगच संग्रहालयात किती वेळ ते ठरवा.

मालती_नाशिक
शुभंकर, बाबांचे बूट नवे घेणार असाल तर आत्ताच घ्या आणि महिनाभर वापरायला द्या. कागदपत्रांच्या झेरॉक्स दोन-दोन काढा.